पाटलाची पट्टी

गाणं संपलं. त्याच दमात पुढचं गाणं उचलायचं होतं. पण पेटीवाल्यानं मध्येच हात थांबवला, पट्टी खाली घेतली आणि मग सुरू केलं. वर चढलेला सगळा खेळ धप्पकन खाली बसला.

मी तालीम थांबवली.

"काय झालं? पेटीचा एखादा सूर अडकतोय का?"

"न्हाई मॅडम," पेटीवर बसलेले प्रल्हाद सोनकांबळे म्हणाले. "पाटलाचं गाणं खालीच असतं."

"का?"

त्यांनी मागं बसलेल्या साथीदारांकडे पाहिलं.

"आमच्यात असंच आहे," ते म्हणाले.

नांदेडमधल्या एका बुद्धविहाराच्या सभागृहात ही तालीम चालली होती. मी लातूरची. संगीत संयोजनाचं काम करते. संगीतकार चाल बांधतो. ती चाल कोणत्या वाद्यांवर, किती वेळ आणि कोणत्या उंचीवर बसेल, ते संयोजक बघतो. नांदेडला लोककलांचा एक महोत्सव होणार होता. गावाच्या मोकळ्या मैदानात होणारे खेळ नाट्यगृहाच्या रंगमंचावर तासाभरात बसवून देणं, हे आयोजकांनी मला दिलेलं काम. त्यात बिलोली तालुक्यातल्या एका गावाचा आंबेडकरी जलसा होता. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं तिथंच राहतात, आणि ही गोष्ट त्यांची आहे.

जलसा म्हणजे गाण्यांतून सांगितलेलं नाटक. बांधा तमाशासारखा, पण सुरुवातीला देवाच्या गणाऐवजी बुद्धवंदना, मग प्रबोधनाची गाणी, थट्टामस्करी, आणि शेवटी वग. वग म्हणजे गोष्ट. या मंडळींचा वग त्यांच्याच गावात घडलेल्या प्रसंगावर होता. वस्तीतल्या बायका गावाच्या विहिरीवर पाणी भरायला जातात. पाटील विहिरीच्या काठावर उभा राहतो. सखराबाई नावाची बाई तरीही घागर सोडते. पाटील विळ्यानं दोर कापतो, घागर विहिरीत पडते. दुसऱ्या दिवशी वस्तीतली प्रत्येक बाई आपापला दोर घेऊन येते. किती दोर कापणार? शेवटी विहीर खुली होते.

जयंतीला दरवर्षी गावात हा वग होतो. प्रल्हादच्या आजोबांच्या वेळेपासून होतो. प्रल्हाद स्वतः पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहेत. जलशाच्या पार्टीतले बाकीचे कुणी शिक्षक, कुणी नर्स, कुणी शेती करणारे. नोकरीसाठी विखुरलेले, पण जयंतीला सगळे गावी हजर.

आता पट्टीचं सांगते. पेटीच्या ज्या सुरावर गाणारा आपला 'सा' धरतो, ती त्याची पट्टी. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात, त्यांच्या क्रमानं नाव पडतं: पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार. या मंडळींचा सगळा वग पांढरी चारमध्ये होता. पुरुषांच्या गळ्याला हे उंच पडतं, पण मैदानात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तर शाहिराला उंचच गावं लागतं. पाटलाचं गाणं मात्र पांढरी एकमध्ये. बरंच खाली. मागं झील धरणारे, म्हणजे ध्रुपद उचलणारे साथीदार, तिथं अक्षरशः घशात पुटपुटत होते.

गाणं असं होतं:

विहीर माझ्या बापानं बांधली, दगड माझ्या रानाचा,
काठावर या चढशील बाई, प्रश्न येईल मानाचा.
माघारी जा, माघारी जा.

खलनायकाचं गाणं. खेळातला सगळ्यात तापलेला क्षण. आणि नेमका तिथंच आवाज खाली. माझ्या धंद्यात याला खेळ पडणं म्हणतात.

"आपण हेही पांढरी चारमध्येच घेऊ," मी म्हणाले. "पट्टी बदलण्यात वेळ जातो, आणि खेळ पडतो."

"घेऊ की," प्रल्हाद म्हणाले. "पण पाटील आले की त्यांना विचारू."

"पाटलाचं काम तुम्हीच म्हणताय ना?"

"मी नुसतं तालमीपुरतं म्हणून राहिलो. काम पाटील करतात."

"हो, पण पाटलाचं काम करतं कोण?"

"पाटीलच करतात, मॅडम. माधवराव पाटील. गावचे पाटील."

मला कळायला जरा वेळ लागला, प्रल्हादना पुन्हा विचारावं लागलं. ज्या पाटलानं दोर कापला, त्याचाच नातू या जलशात दोर कापणाऱ्या पाटलाचं काम करत होता. त्याच्या आधी त्याचे वडील करत होते. वस्तीच्या जलशात, वस्तीच्या पार्टीबरोबर, सगळ्या गावासमोर. इतकी वर्षं मी या कामात आहे, असं कुठं ऐकलं नव्हतं.

"हे कसं सुरू झालं?"

"ते माझे वडील सांगतील," प्रल्हाद म्हणाले. "पण आधी माधवरावांचं बघावं लागेल. ते फोन उचलून नाही राहिले."

माधवराव पाटलांचं बिलोलीत खता-बियाण्यांचं दुकान आहे. दोन तालमींना ते आले नाहीत, तेव्हा प्रल्हाद आणि मी त्यांना भेटायला गेलो. पन्नाशीचा उंच माणूस. आम्हाला पाहून उठून उभे राहिले, खुर्च्या पुसायला लावल्या, चहा सांगितला.

"जय भीम, प्रल्हाद. मी येणारच होतो तुझ्याकडं."

"दादा, तालीम चालू झाली."

"माहीत आहे." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, मी गावात हे काम वडील थकल्यापासून करून राहिलो. कधी न्हाई म्हणलो न्हाई. पण नांदेडला न्हाई करणार."

"का?" मी विचारलं.

"गावाला सगळं ठाऊक आहे. गावात मी दोर कापतो, खेळ संपला की याच्याच अंगणात बसून जेवतो. ते सगळे बघतात. नांदेडला लोक मोबाईल काढतील. एवढंच कापून फिरवतील की पाटील बाईचा दोर कापून राहिला. पुढचं-मागचं कोण दाखवणार? मी पंचायत समितीला उभं राहायचं म्हणतो. वस्तीवरची पोरं चिडतील, आणि आमच्यातले म्हणतील, आजोबाची इज्जत चव्हाट्यावर मांडली. मला दोन्हीकडून मार."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

"गावात यंदा करणार?" प्रल्हादनी विचारलं.

माधवराव दुकानाबाहेर बघत राहिले. "निवडणूक झाल्यावर बघू," ते म्हणाले.

गाडीत बसल्यावर प्रल्हाद म्हणाले, "म्हणजे गावातलंही गेलं."

मी महोत्सवाच्या समन्वयकांना फोन लावला. त्यांना तोड लगेच सापडली.

"लातूरचा एखादा चांगला नट घ्या की. गाणारा. उलट बरंच होईल."

"त्यांच्यात तो रोल ठरावीक घराण्यात आहे, सर."

"मॅडम, रोल आहे तो. जहागीर नाही. कार्यक्रमपत्रिका छपाईला जातेय, मला नाव हवं."

मला ते पटलं, कारण माझी पट्टीची अडचणही त्यातून सुटत होती. लातूरचा एक तयार गळ्याचा नट मी बोलावला. संगीत नाटकांत काम केलेला, आवाज खणखणीत. गाणं पांढरी चारमध्ये बसवलं. त्यानं मिशीवर हात फिरवला, छाती काढली आणि "माघारी जा" असा काही लावला की सभागृहाच्या काचा थरथरल्या. झीलवाल्यांनीही आवाज मोकळा सोडला. गाणं संपलं तेव्हा बघायला बसलेल्या मंडळींनी हसून टाळ्या वाजवल्या. माझ्या कानाला सगळं बरोबर होतं.

प्रल्हादचे वडील धर्माजी त्या दिवशी पहिल्यांदाच तालमीला आले होते. ऐंशीच्या घरातले. ते या पार्टीचे मुख्य शाहीर. शेवटचं गाणं अजून तेच म्हणतात. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून ते उठले.

"थांबवा," ते म्हणाले. "ह्यो खेळ मी करणार न्हाई."

नट गोंधळला. "बाबा, काही चुकलं का माझं?"

"तुझं काय चुकत न्हाई बाळा. तू लई छान गातो." ते प्रल्हादकडं वळले. "पाटलाचं काम पाटलाच्या घरच्या माणसानंच करायचं. न्हाईतर वग करायचा न्हाई. बाकी गाणी म्हणा, खुशाल म्हणा."

"बाबा, माधवदादा नाही म्हणून राहिले. काय करायचं?" प्रल्हादचा आवाज चढला. "सगळ्यांनी सुट्ट्या टाकल्या."

"टाकल्या तर टाकल्या."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, "बाबा, नट चांगला आहे. लोकांना आवडलं. मग अडतं कुठं?"

"लोक हसले, बघितलं का तुम्ही?" ते म्हणाले. "आपल्यातला कुणी पाटील झाला, न्हाईतर असा बाहेरचा झाला, तर ते सोंग असतं. सोंगाला लोक हसतात आन घरी जातात. त्याच्या घरचा माणूस उभा राहून म्हणला की हाव, असं झालं, तर ती साक्ष असते. सखराबाई माझी माय होती. मला सोंग न्हाई पाहिजे."

मग त्यांनी ते कसं सुरू झालं ते सांगितलं.

आधी त्यांचे वडीलच जलसा करत आणि पाटलाचं काम पार्टीतलाच एक गडी करी. मिशा पिळायचा, डोळे वटारायचा, ओरडायचा. धर्माजी तेव्हा लहान होते, पुढंच बसलेले असायचे. विहीर खुली होऊन काही वर्षं झाली होती. एका जयंतीला पाटलाचा मुलगा, म्हणजे माधवरावांचे वडील, खेळ बघायला आले. लोकांच्या मागं उभे होते. पाटलाचं गाणं चालू झालं आणि ते मागूनच बोलले, "माझा बाप असा न्हाई बोलला."

वस्तीतली माणसं उठून उभी राहिली. आता मारामारी होणार असं सगळ्यांना वाटलं.

"मग माझ्या बापानं डफ खाली ठेवला," धर्माजी म्हणाले. "म्हणला, मालक, तुम्ही तिथं हजर होता. आम्ही ऐकीव गातो. कसा बोलला ते तुम्हीच दाखवा. तो जरा वेळ उभाच राहिला. मग लोकांतून वाट काढत पुढं आला. चपला खाली काढल्या, आन चढला. पेटीवाल्याला म्हणला, इतकं वर न्हाई, खाली घे. पेटीवाला म्हणला, खाली खेळ पडतो. तर म्हणला, पडू दे."

"आणि गायले?"

"गायला म्हणा, बोलला म्हणा. दोर कापला. खाली उतरला, चपला घातल्या, गेला. पुढच्या जयंतीला कुणी बोलवायच्या आत हजर."

पट्टीचं कारण सापडलं होतं, पण अर्धंच. "खाली का घ्यायला लावलं त्यांनी?"

"गाणारा नव्हता तो. गळा तेवढाच असंल," धर्माजी म्हणाले. "मी कधी विचारलं न्हाई. त्यांच्या घरातलं आपण कसं विचारावं? माधवची थोरली बहीण चाकूरला दिलेली हाय, शकुंतला. बापाच्या मागं मागं असायची. तिला ठाऊक असंल."

नांदेडहून लातूरला जाताना चाकूर वाटेतच लागतं. प्रल्हादनी फोन करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं उतरले. खरं सांगायचं तर तोवर वग रद्द झाल्यातच जमा होता. समन्वयकांना मी तसं कळवायचंच बाकी होतं. मला फक्त कळून घ्यायचं होतं.

शकुंतलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. साठीच्या पुढच्या, भावासारख्याच उंच. अंगणात तुरी वाळत घातलेल्या होत्या. त्यांनी मला सुशीला खायला घातला. मुरमुऱ्यांचा हा पदार्थ आमच्याकडं घरोघरी होतो. मी खात असताना त्या समोर बसून राहिल्या.

"माधवनं नाही म्हणलं ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "त्याचंही खरं आहे."

"मी त्यासाठी नाही आले, अक्का. मला एकच विचारायचं होतं. तुमच्या वडिलांनी गाणं खालच्या सुरात का घ्यायला लावलं? धर्माजी म्हणतात, त्यांचा गळा नव्हता."

"गळा?" त्या हसल्या. वडिलांना त्या दादा म्हणत. "दादा भजनात सगळ्यात वर लावायचे. एकतारीवर बसले की वेशीपर्यंत ऐकू यायचं."

मी ताट खाली ठेवलं.

"आजोबा तसे बोलायचे म्हणून," त्या म्हणाल्या. "मी लहान असताना आजोबा होते. कधीच ओरडायचे नाहीत. हळू बोलायचे. गड्यावर चिडले, आजीवर चिडले, तर आणखी हळू. घरात ओरडणारा माणूस असला की त्याची सवय होते. आजोबांचा आवाज खाली गेला की आम्ही हातातलं टाकून परसात पळायचो. दादा म्हणायचे, जलशातला पाटील ओरडायचा, म्हणून लोक त्याला हसायचे. विहिरीवर त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. आजोबा सखराबाईला हळूच म्हणाले होते, माघारी जा. दादा शेजारी उभे होते. तरणे होते. काही बोलले नाहीत. ते त्यांना आयुष्यभर लागून राहिलं."

"आजोबांनी कधी बघितलं? मुलानं आपलं काम केलेलं?"

"कधी गेले नाहीत. आणि दादांना कधी जाऊ नकोही म्हणाले नाहीत. जलसा असला की ओसरीचं दार मात्र उघडं ठेवायला लावायचे. आवाज घरापर्यंत यायचा. एकटे बसून ऐकायचे. आम्ही पोरं आजूबाजूला फिरकायचो नाही."

मी विचारलं, "वडील कसं म्हणायचे, आठवतं?"

"आठवायला काय? जयंती जवळ आली की दादा गोठ्यात म्हणून बघायचे. मी धार काढताना ऐकायची. बैठकीत मला जायची बंदी, जलशाला आमच्या घरच्या बायकांनी जायची बंदी. गोठ्यात कोण अडवणार?"

आणि त्या म्हणू लागल्या. हातवारे नाहीत, काही नाही. तुरीतला एक खडा बोटांनी बाजूला करत, अंगणाकडं बघत. "विहीर माझ्या बापानं बांधली..." स्वर नेमका होता, भजनात बसणाऱ्या बाईचा असतो तसा. आवाज जाड, खालचा. "काठावर या चढशील बाई" हे त्या अशा म्हणाल्या की जणू शेजारणीला मीठ मागत आहेत.

सवयीनं मी मोबाईलवरचा तानपुरा लावून त्यांची पट्टी शोधली. पांढरी चार.

इथं जरा थांबून सांगायला हवं. बाईचा गळा पुरुषापेक्षा उंचीवर बसलेला असतो. जी पांढरी चार प्रल्हादच्या माणसांना ताणून गावी लागते, तीच शकुंतलाबाईंच्या गळ्याला खालची, आरामाची जागा होती. म्हणजे पाटलाचं गाणं वगाच्या मूळ पट्टीत त्या म्हणू शकत होत्या आणि तरीही ते हळूच ऐकू येत होतं. पेटीवाल्याला थांबायची गरज नाही. झीलवाल्यांना पुटपुटायची गरज नाही.

पण मला आधी सुचलं ते पट्टीचं नव्हतं.

"अक्का," मी म्हणाले, "तुम्ही कराल का हे काम?"

त्यांनी माझं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "दादा थकले तेव्हा घरात बोलणं झालं, आता कोण करणार. माधव तेव्हा कॉलेजात होता, त्याला गाण्याचं काही कळत नव्हतं. मला सगळं पाठ होतं. मी तिथंच बसले होते. कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही." त्यांनी पदराला हात पुसले. "मीही काही बोलले नाही म्हणा. बोलायचं असतं हेच ठाऊक नव्हतं."

त्यांनी माझ्यासमोरच भावाला फोन लावला. मला त्यांच्याच बाजूचं ऐकू येत होतं.

"माधव, तू करणार नाहीस हे पक्कं ना? ... बरं. मग मी करते. ... मीच. ... धोतर नेसून, हाव. ... लोक काय म्हणतील? आजोबाला म्हणतात तेच म्हणतील. नवीन काय म्हणणार? ... तुझी निवडणूक तू लढव. मी कुठं तुझं नाव सांगायला चाललेय? ... चिडू नको. जेवलास का?"

फोन बंद झाला होता. बहुधा जेवणाच्या आधीच.

"चिडलाय," त्या म्हणाल्या. "तालीम कधी आहे?"

नांदेडच्या तालमीला त्या एकट्याच एसटीनं आल्या. सभागृहात शिरल्या तेव्हा धर्माजी खुर्चीवरून उठून उभे राहिले. या दोघांचं गावातलं नातं मला नीट कळलं नव्हतं, ते तेव्हा कळलं.

"धर्मामामा, मी शकुंतला."

"वळखलं की. बापावर गेलीस." ते त्यांच्याकडं निरखून बघत राहिले. सगळे धर्माजींच्या तोंडाकडं बघत होते. पाटलाचं काम बाईनं करायचं, हे पार्टीत कुणी ऐकलेलं नव्हतं. बतावणीत थट्टामस्करी करणारा एक जण म्हणालाही, "पण शाहीर, रिवाज..."

"मी पाटलाच्या घरचा माणूस म्हणलो होतो," धर्माजी म्हणाले. "बाप्याच पाहिजे, असं कवा म्हणलो? माय माझी विहिरीवर गेली तवा तिला कुणी इचारलं का, बाई असून कशी आलीस?"

गाणं पहिल्याच वेळी बसलं. अडलं ते पुढं. सखराबाईचं काम प्रल्हादची बायको रेखा करते, नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिनं घागर सोडली, दोर ताणला. शकुंतलाबाईंनी विळा उचलला आणि हात तिथंच राहिला. पुन्हा केलं. पुन्हा तिथंच. रेखा म्हणाली, "अक्का, कापा. मी सांभाळते घागर." पण त्या विळा घेऊन उभ्याच.

"मामा," त्या म्हणाल्या, "तुमची आई काय म्हणाली होती तेव्हा? दोर कापल्यावर?"

"काहीच न्हाई," धर्माजी म्हणाले. "हातात उरलेला दोर गुंडाळला, आन घरी आली. मी चुलीम्होरं बसलो होतो. म्हणली, उद्या लांब दोर लागंल."

शकुंतलाबाईंनी मान हलवली. "दादांनी हे कधी सांगितलं नव्हतं."

"त्याला कुठून ठाऊक? ते आमच्या घरात झालं."

त्यानंतर त्यांनी दोर कापला. कसा कापायचा हे मी त्यांना सांगितलं नाही. रेखानं उरलेलं टोक गुंडाळलं, कमरेला खोचलं आणि आत गेली. त्या दिवसापर्यंत ती तिथं किंकाळी फोडून खाली बसायची. आता तेही बदललं. वगात एक नवीन ओळ आली, उद्या लांब दोर लागंल. धर्माजींनी ती तिथंच चालीत बसवली.

महोत्सवाच्या दिवशी नाट्यगृह भरलेलं होतं. मी साउंडच्या टेबलाशी उभी होते. पाटलाचं गाणं आलं तेव्हा आवाज खाली गेल्याचं बघून साउंडवाल्यानं बटणाकडं हात नेला. मी त्याचा हात धरला.

"ऐकू येणार नाही मागं," तो म्हणाला.

"येईल."

आलं. शकुंतलाबाई धोतर, बाराबंदी, फेट्यात. मिशी लावायला त्यांनी नकार दिला होता. "माघारी जा," त्या म्हणाल्या, आणि मागच्या रांगेतली माणसं पुढं झुकली. मोबाईल वर धरलेले हात हळूहळू खाली आले, निदान माझ्या जवळच्या रांगांत तरी. कुणी हसलं नाही. दोर कापला तेव्हा एका बाईनं मोठ्यानं श्वास घेतला, तो मला टेबलापाशी ऐकू आला.

खेळ संपल्यावर धर्माजींनी प्रेक्षकांना ओळख करून दिली. "सखराबाईची ही नातसून. आन ही पाटलाची नात." बाकी काही सांगितलं नाही. तेव्हा टाळ्या झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

समन्वयक आत आले. "सुंदर झालं. फक्त पाटलाच्या गाण्याला टाळी नाही पडली, मॅडम. तिथं जरा चढवायला हवं होतं."

"पुढच्या वेळी बघू," मी म्हणाले.

माधवराव आले नव्हते. त्यांना भीती होती तसा एक तुकडा मोबाईलवर फिरलाही. थोडी चर्चा झाली आणि विरली. तो बघणाऱ्यांतले काही लोक विचारत होते की हा पाटील बाई का आहे, आणि त्यावरच जास्त भांडले. माधवराव निवडणुकीला उभे राहिले, निवडूनही आले. बहीण-भावाचं काही महिने बोलणं नव्हतं. आता आहे, पण जलशाचा विषय दोघंही काढत नाहीत. जयंतीला गावात खेळ झाला, तेव्हा पाटलाचं काम शकुंतलाबाईंनीच केलं. माधवराव त्या दिवशी गावात होते, असं प्रल्हादनी सांगितलं. मैदानात दिसले नाहीत. प्रल्हादही खोलात गेले नाहीत.

पांढरी एक आता या वगात कुठेच नाही. पेटीवाला म्हणून प्रल्हाद खूश आहेत.

माझ्या कामात मात्र एक फरक पडला. पूर्वी जुना खेळ हातात आला की मी आधी त्याची लांबी बघायची, मग पट्टी, मग माईक. आता आधी विचारते, कोणाचं काम कोण करतं, आणि कधीपासून. बहुतेक वेळा कारण काहीच नसतं. कुणाचा तरी गळा बसला होता किंवा कुणाला तरी लग्नाला जायचं होतं. पण एखाद्या खेळात ते असतं, आणि ते क्वचितच एका घरात पुरं सापडतं. उरलेल्यासाठी दुसऱ्या घरी जावं लागतं. आयोजकांच्या वेळापत्रकात त्याला जागा नसते. ती आपली आपण काढायची.